रत्ना क्षेत्राची पड वीस वर्षे

कोल्हापुरात दर शनिवारी संध्याकाळी आम्ही काहीजण उद्योग आणि सरकारी धोरण यांच्या सांध्यावरचे एखादे प्रकरण अभ्यासायला घेतो. येणारे बहुतेक जण नोकरी किंवा धंदा सांभाळून शिकणारे आहेत: कोणी शिरोलीच्या फौंड्रीत सुपरवायझर, कोणी गोकुळ शिरगावात स्वतःचे मशीन शॉप चालवणारे, कोणी कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहतीतल्या कारखान्यात खरेदी विभाग सांभाळणाऱ्या. समुद्रातील तेल आणि वायूची क्षेत्रे परवाना घेऊन वर्षानुवर्षे न वापरता ठेवली जातात, त्यांच्याबाबत सरकारचे धोरण काय असावे, हा विषय मांडला तेव्हा घाटमाथ्यावरच्या माणसांना तो दूरचा वाटेल अशी मला शंका होती. ती पहिल्या पाच मिनिटांतच फिटली. मशीन शॉपवाल्या एका गृहस्थांनी विचारले, “सर, एमआयडीसीचा प्लॉट घेऊन आम्ही मुदतीत शेड उभी केली नाही तर नोटीस येते, मुदतवाढीचे पैसे भरावे लागतात, शेवटी प्लॉट परत जातो. मग समुद्रातल्या प्लॉटला हा नियम का नाही?” नियम आहे, असे मी सांगितले, पण तो असूनही एक तेलक्षेत्र वीस वर्षे पडून कसे राहिले, हेच या प्रकरणात पाहायचे आहे.

मुंबईच्या नैर्ऋत्येला सुमारे १३० किलोमीटरवर, उथळ समुद्रात, ‘रत्ना आणि आर-मालिका’ या नावाने ओळखला जाणारा तेलक्षेत्रांचा समूह आहे. पश्चिम किनाऱ्यावरील क्षेत्रांना ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीने पन्ना, मुक्ता, हीरा, नीलम, रत्ना अशी नावे दिली. आपल्या गुजरीतल्या, म्हणजे सराफ बाजारातल्या, पेढीवर शोभावीत अशी ती आहेत. १९७४ मध्ये ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगने मुंबई हाय शोधले, १९७६ पासून तेथून तेल येऊ लागले आणि त्या शोधाच्या पाठोपाठ आसपासची लहान-मध्यम क्षेत्रे एकेक करून हाती आली. रत्ना त्यांपैकीच एक. ते ओएनजीसीने शोधले, आणि त्यातील आर-१२ या मुख्य भागातून १९८० च्या दशकात उत्पादनही घेतले. म्हणजे तेथे तेल आहे की नाही हा प्रश्न कधीच नव्हता. विहिरी खोदलेल्या होत्या, समुद्रात प्लॅटफॉर्म उभे होते, नळवाहिन्या टाकलेल्या होत्या. हा मुद्दा मी मुद्दाम आधी मांडतो, कारण ‘न वापरलेले क्षेत्र’ या शब्दांची व्याख्या हाच या विषयातला सर्वांत चिवट वाद आहे आणि रत्नाच्या बाबतीत तो वाद उद्भवतच नाही.

१९९१ नंतर परकीय चलनाची चणचण, ओएनजीसीकडे भांडवलाचा तुटवडा आणि उदारीकरणाचे वारे अशा तिहेरी कारणांनी सरकारने शोधलेली पण पूर्ण विकसित न झालेली क्षेत्रे खासगी कंपन्यांना भागीदारीत द्यायचे ठरवले. त्याच धोरणाखाली पन्ना-मुक्ता आणि ताप्ती ही क्षेत्रे ओएनजीसी, रिलायन्स आणि एन्रॉन यांच्या संयुक्त गटाला मिळाली; डिसेंबर १९९४ मध्ये करारावर सह्या झाल्या, पन्ना-मुक्तामधून पंचवीस वर्षे उत्पादन झाले आणि डिसेंबर २०१९ मध्ये मुदत संपल्यावर ते ओएनजीसीकडे आले. रत्नाचा मार्गही असाच असायला हवा होता. क्षेत्र खासगी गटाकडे जाणार म्हणून १९९४ मध्ये आर-१२ चे उत्पादन थांबवण्यात आले. १९९६ मध्ये एस्सार ऑइल आणि ब्रिटिश कंपनी प्रीमिअर ऑइल यांच्या गटाला ते बहाल झाले: एस्सारचा वाटा ५० टक्के, प्रीमिअरचा १० टक्के, ओएनजीसीचा ४० टक्के.

आणि करारावर सही झाली नाही. त्या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही, वीस वर्षांत कधीच नाही. १० मार्च २०१६ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाच्या आर्थिक व्यवहार समितीने ते वाटप रद्द केले आणि क्षेत्र मूळ परवानाधारक म्हणून ओएनजीसीला परत दिले. या दोन तारखांमध्ये केंद्रात अनेक सरकारे आली-गेली आणि पेट्रोलियम मंत्री कितीतरी वेळा बदलले, पण रत्नाची फाइल मात्र मंत्रालयातून मंत्रालयात फिरत राहिली.

वर्गात सर्वांत जास्त वेळ आम्ही एकाच गोष्टीवर घालवला, ती म्हणजे या वीस वर्षांत क्षेत्र नेमके कोणाच्या ताब्यात होते. कागदोपत्री परवाना ओएनजीसीचा होता, पण क्षेत्र दुसऱ्या गटाला देऊन झाल्यामुळे ओएनजीसी तेथे हात लावू शकत नव्हती. खासगी गटाकडे वाटपाचा निर्णय होता, पण करार नसल्यामुळे त्याला तेथे पाऊल ठेवता येत नव्हते. सरकारकडे मालकी होती, पण ते स्वतः तेल काढत नाही. तिघांनाही हक्क होता आणि तिघांपैकी कोणालाही काम करता येत नव्हते. आपल्याकडे भावाभावांच्या वाटणीचा दावा कोर्टात पडतो तेव्हा बांधावरची झाडे वाढतात, पण रान कोणी नांगरत नाही. तसे हे झाले.

आता मशीन शॉपवाल्यांच्या प्रश्नाकडे यावे. भारतात त्या काळात तेल-वायूचे परवाने १९४८ चा तेलक्षेत्र कायदा आणि १९५९ चे पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियम यांखाली दिले जात. १९९९ पासून नव्या परवाना धोरणाखाली फेऱ्या निघू लागल्या, तेव्हा करारांमध्ये संशोधनाचे टप्पे, प्रत्येक टप्प्यातले किमान काम, टप्प्याच्या शेवटी क्षेत्राचा काही भाग सोडून देण्याची अट आणि ठरलेले काम न केल्यास भरपाई, हे सगळे लिहिलेले होते. सूत्र एमआयडीसीसारखेच आहे: वापरा, नाहीतर सोडा. पण या सगळ्या मुदती करार अमलात आल्याच्या तारखेपासून मोजल्या जातात. करारच झाला नाही तर पहिला दिवस कोणता? हे ऐकल्यावर गोकुळ शिरगावचे तेच गृहस्थ म्हणाले, “म्हणजे वाटपपत्र हातात, पण करारनामा नाही आणि ताबा पावती नाही. ताबाच नसेल तर बांधकाम पूर्णत्वाच्या दाखल्याची मुदत कुठून मोजणार?” प्रकरणाची गाठ त्यांनी नेमकी पकडली होती. आळशी परवानाधारकाला हलवण्यासाठी जगभर जे नियम केले गेले आहेत ते परवाना हातात पडल्यानंतर चालू होतात. वाटप आणि करार यांच्या मधल्या पट्ट्यात कोणतेही घड्याळ टिकटिकत नव्हते, आणि रत्ना नेमके त्याच पट्ट्यात वीस वर्षे अडकले.

सही का झाली नाही, याचे एकच कारण सांगता येत नाही; प्रशासकीय दिरंगाई, धोरणातली संदिग्धता आणि कायदेशीर मतमतांतरे यांची ती गुंतवळ होती. पण त्यातला रॉयल्टी (काढलेल्या तेलावर सरकारला द्यायची रक्कम) आणि सेस (उपकर) यांचा धागा सोडवून दाखवण्यासारखा आहे, कारण उशीर स्वतःच नवे भांडण कसे जन्माला घालतो हे त्यातून दिसते. कच्च्या तेलावरचा सेस १९७४ च्या तेल उद्योग विकास कायद्याखाली आकारला जातो. १९९० च्या दशकात तो टनाला ९०० रुपये होता आणि पन्ना-मुक्तासारख्या त्या काळच्या करारांत सेस ९०० रुपयांवर व रॉयल्टी ४८१ रुपयांवर गोठवलेली होती. वेळेवर सही झाली असती तर रत्नाचा हिशेबही त्याच काळाच्या दरांनी मिटला असता. पण पुढे सेस २००२ मध्ये १,८०० रुपये, २००६ मध्ये २,५०० रुपये आणि २०१२ मध्ये ४,५०० रुपये झाला. आता कोणता दर लावायचा? गट म्हणणार, आम्ही बोली लावली तेव्हाचा. अर्थखाते म्हणणार, आजचा. दोघांच्याही बोलण्यात तथ्य आहे. फळ्यावर आम्ही साधे गणित मांडले: ९०० आणि ४,५०० यांत टनामागे ३,६०० रुपयांचा फरक, म्हणजे एक लाख टन तेलामागे ३६ कोटी रुपये. १९९६ मध्ये हा फरक शून्य होता. त्या वर्षी एखाद्या अधिकाऱ्याने सही केली असती तर कोणाला काही वाटले नसते; २०१२ नंतर तीच सही करणाऱ्यावर ‘खासगी कंपनीला टनामागे ३,६०० रुपये सोडले’ असा ठपका आला असता. दर वाढीनंतर सही करणे अधिक धोक्याचे आणि फाइल पुढे ढकलणे अधिक सुरक्षित होत गेले. अधिकाऱ्यांना दोष देणे सोपे आहे; पण सही न केल्याबद्दल कोणालाच जाब विचारला जात नसेल आणि सही केल्याबद्दल चौकशी लागू शकत असेल, तर शहाणा माणूस काय करेल हे वेगळे सांगायला नको.

याच काळात कच्च्या तेलाचा भाव कोठून कोठे गेला तेही पाहू. १९९६ मध्ये पिंपाला साधारण २० डॉलर, १९९८ च्या अखेरीस १० डॉलरच्या आसपास, जुलै २००८ मध्ये १४७ डॉलरचा उच्चांक, २०११ पासून २०१४ च्या मध्यापर्यंत बहुतेक काळ शंभरच्या वर, आणि जानेवारी २०१६ मध्ये पुन्हा ३० डॉलरच्या खाली. रत्ना ओएनजीसीला परत मिळाले ते या शेवटच्या उताराच्या तळाशी. तेजीचे संपूर्ण चक्र त्या क्षेत्राच्या डोक्यावरून निघून गेले.

यावर वर्गातील एका विद्यार्थिनीने घेतलेला आक्षेप मला महत्त्वाचा वाटतो. तेल काही पळून गेले नाही, ते खडकात होते तेथेच आहे. उलट ते पुढच्या पिढीसाठी शिल्लक राहिले, मग नुकसान कसले, असे तिचे म्हणणे होते. आक्षेप गंभीर आहे आणि त्याचे उत्तर आकड्यांनीच द्यायला हवे. १९९६ च्या सरासरीच्या तुलनेत २०१६ चा सरासरी भाव दुपटीच्या थोडा वर, म्हणजे वीस वर्षांत वर्षाला साधारण साडेतीन ते चार टक्के वाढ. भांडवलाची किंमत दहा टक्के धरली तर वीस वर्षांनी मिळणाऱ्या शंभर रुपयांचे आजचे मोल जेमतेम पंधरा रुपये होते. जमिनीखाली ठेवलेल्या तेलाने बँकेतल्या ठेवीइतकेही व्याज दिले नाही. आणि या काळात देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलाचा मोठा भाग बाहेरून, डॉलर मोजूनच येत होता. आज तर ते अवलंबन ८५ टक्क्यांच्याही पुढे गेले आहे. पुढच्या पिढीसाठी राखून ठेवणे हा एक सन्माननीय निर्णय असू शकतो, पण तसा निर्णय येथे कोणी घेतलाच नव्हता.

शिवाय सगळे होते तेथेच राहिले हेही खरे नाही. शिरोलीचा एक विद्यार्थी पुढच्या शनिवारी पिशवीतून व्हॉल्व्हची एक बॉडी घेऊन आला. निर्यातीची ऑर्डर रद्द झाली म्हणून ते कास्टिंग त्यांच्या यार्डात ताडपत्रीखाली दोन पावसाळे पडून होते. बाहेरून रंग बरा दिसत होता. फ्लँजच्या मशिनिंग केलेल्या तोंडावर मात्र गंजाने राळ्याएवढे खड्डे पाडले होते आणि बोल्टाच्या भोकांत नख घातले की तांबूस पापुद्रे सुटत होते. “हे आता पुन्हा मशीनवर घेतले तर जाडी मापात बसत नाही,” तो म्हणाला, “भंगारातच जाणार.” टेबलावर ठेवलेल्या त्या तुकड्याभोवती सगळे उभे राहिले. कोल्हापूरच्या गोड्या पावसात दोन वर्षांत ही अवस्था; खाऱ्या पाण्यात, लाटांच्या माऱ्यात, रोजची देखभाल नसताना वीस वर्षे उभ्या असलेल्या पोलादाचे काय होत असेल, हे त्यानंतर मला समजावून सांगावे लागले नाही. आपल्याकडे रान पड टाकले तर निदान मातीचा कस परत येतो. समुद्रातले तेलक्षेत्र पड टाकले तर विहिरींचे तोंड, नळवाहिन्या आणि प्लॅटफॉर्म झिजतात, आणि उत्पादन पुन्हा सुरू करायचे तर त्यातले बरेच काही नव्याने उभारावे लागते. ओएनजीसीला पुढे या क्षेत्राच्या पुनरुज्जीवनाचा स्वतंत्र प्रकल्पच हाती घ्यावा लागला.

इतर देशांनी काय केले, हे तुलनेपुरते पाहू. ब्रिटनने २००० च्या दशकाच्या सुरुवातीला उत्तर समुद्रासाठी जी पद्धत आणली तिच्यात अशा क्षेत्रांना चक्क ‘पडीक’ म्हटले गेले, अगदी शेतीतलाच शब्द. परवान्याची पहिली मुदत संपून चार वर्षे ड्रिलिंग किंवा भूकंपीय सर्वेक्षणासारखे ठोस काम झाले नाही तर ब्लॉक, म्हणजे परवान्याखालचा समुद्राचा तुकडा, पडीक ठरे. शोधून काढलेल्या साठ्यासाठी ही मुदत तीन वर्षे होती. त्यानंतर सरकार दोन वर्ग करी. जो गट करण्यासारखे सर्व काही करतो आहे पण तंत्र किंवा परिस्थिती आडवी येते आहे, तो एका वर्गात. ज्याच्या भागीदारांचे आपसांत जमत नाही किंवा ज्याला त्या क्षेत्रात रसच उरलेला नाही, तो दुसऱ्या वर्गात. दुसऱ्या वर्गातील क्षेत्रांची यादी जाहीर होई, म्हणजे दुसरा इच्छुक पुढे येऊ शके, आणि तरीही हालचाल नसेल तर क्षेत्र सोडावे लागे. नॉर्वेत ठरलेल्या तारखेपर्यंत विहीर खोदण्याचा निर्णय घ्या किंवा क्षेत्र परत करा अशी अट असते, आणि धरून ठेवलेल्या क्षेत्रावर चढत्या दराने वार्षिक शुल्क बसते. अमेरिकेत २००८ च्या भाववाढीच्या काळात, कंपन्यांनी ६ कोटी ८० लाख एकर सरकारी क्षेत्र भाडेपट्ट्याने घेऊन ठेवले आहे पण तेथे उत्पादन नाही, असा आरोप संसदेत झाला. त्यावर कंपन्यांचे उत्तर होते की ड्रिलिंग दिसत नाही म्हणजे काम होत नाही असे नव्हे, सर्वेक्षण आणि नियोजनालाच कित्येक वर्षे जातात. ते उत्तर नव्या, न शोधलेल्या क्षेत्रासाठी पटण्यासारखे आहे. मला या तिन्हींत ब्रिटनची पद्धत जास्त रास्त वाटते, कारण ती आधी ‘का’ विचारते आणि मग दंड करते. पण आमच्या प्रकरणाला यांपैकी एकही औषध लागू पडले नसते, कारण तिन्ही देशांत शिस्त परवानाधारकाला आहे, परवाना देणाऱ्याला नाही.

भारतात २०१५-१६ मध्ये धोरण बदलले आणि ते बरेचसे योग्य दिशेने बदलले. सप्टेंबर २०१५ मध्ये मंत्रिमंडळाने ओएनजीसी आणि ऑइल इंडिया यांच्याकडे वर्षानुवर्षे विकसित न होता पडून असलेली ६९ लहान क्षेत्रे लिलावाला काढण्याचे धोरण मंजूर केले, आणि २०१६ च्या पहिल्या फेरीत ६७ शोध, म्हणजे सापडलेले साठे, ४६ करार-क्षेत्रांत बांधून बोलीला ठेवले. सरकारी कंपनीलाही ‘तुम्ही काढत नसाल तर दुसऱ्याला देऊ’ असे सांगण्याचे धैर्य त्यात होते. तेल आणि वायू दोन्हींसाठी एकच परवाना, उत्पन्नातील वाट्यावर बोली आणि सेस नाही, अशी त्याची सोपी रचना होती. रत्नाचे वाटप रद्द झाले त्याच दिवशी, १० मार्च २०१६ रोजी, नवे संशोधन व परवाना धोरणही मंजूर झाले, आणि त्यातही, कंपनीने आधी आपला खर्च वसूल करून मग नफा वाटायचा या किचकट हिशेबाऐवजी, उत्पन्नातील वाटा आला. हिशेब सोपा म्हणजे सही करणाऱ्याची भीती कमी. माझ्या मते या बदलाचा हा सर्वांत मोठा गुण आहे, आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

तरीही एक जागा उघडी राहते असे मला वाटते आणि ते मी विद्यार्थ्यांना स्पष्ट सांगितले. सरकारने क्षेत्र बहाल केल्यावर ठरावीक दिवसांत, समजा १८० दिवसांत, करारावर सही झालीच पाहिजे. झाली नाही तर वाटप आपोआप रद्द व्हावे, क्षेत्र पुढच्या लिलावात जावे आणि उशीर कोणाच्या टेबलावर झाला हे लेखी कारणासह संसदेपुढे ठेवले जावे, अशी तरतूद कायद्यात हवी. बोली लावताना जे कर-दर होते ते त्या १८० दिवसांपुरते बांधील असावेत. आणि करार होईपर्यंत विहिरी व प्लॅटफॉर्म सांभाळण्याची जबाबदारी, तिच्या खर्चासकट, एका नावावर लिहिलेली असावी. रत्नाच्या बाबतीत यांतले शेवटचे कलम जरी असते तरी त्या पोलादावर कोणाचे तरी लक्ष राहिले असते.

प्रकरण संपवताना सवयीप्रमाणे मी गटांना एक तक्ता भरायला दिला: एका रकान्यात वर्ष, दुसऱ्यात घटना, तिसऱ्यात त्या घटनेला जबाबदार पक्ष. १९९४ समोर सगळ्यांनी उत्पादनबंदी लिहिली, १९९६ समोर वाटप, २०१६ समोर रद्दबातल. तिसरा रकानाही भरला. मधल्या वर्षांच्या ओळी मात्र चारही गटांनी कोऱ्या सोडल्या होत्या. कागलहून येणाऱ्या बाईंनी त्या कोऱ्या ओळींवरून पेन्सिलीने एक उभी रेघ ओढली आणि बाजूला त्या वीस वर्षांतल्या सेसचे चार आकडे एकाखाली एक लिहिले. जबाबदाराचे नाव काय लिहू, असे त्यांनी मला विचारले. मी ती जागा तशीच राहू दिली आणि तो तक्ता या प्रकरणाच्या फाइलला जोडून ठेवला आहे.